अन्वरभाईंचे थर

अन्वरभाई खुर्चीवर पूर्ण बसलेले मी कधी पाहिले नाहीत. काठावर टेकायचे, उजवा पाय हलवत राहायचे, मध्येच उठून दारातून रस्त्याकडे बघायचे आणि पुन्हा काठावर टेकायचे. महाडच्या कोर्टाबाहेर मी अर्ज लिहितो आणि या कामात माझ्या शब्दाला वजन आहे. दुबईतली संगणकाची नोकरी सोडून आलेल्या या गृहस्थाने माझ्या टेबलाशेजारी सेवा केंद्र थाटले, तेव्हा हा इसम फार टिकणार नाही, असे मत मी जाहीरपणे व्यक्त केले होते.

त्यांच्याकडे अर्ज छापणारी वेब प्रणाली मुंबईच्या एका कंपनीने जावा भाषेत बांधलेली होती. अर्जांचे साचे कंपनीचेच. त्यांची भाषा, स्पष्टच सांगतो, सुमार होती. "हे खोडून माझा मजकूर घाला," मी सुचवले. अन्वरभाई ताडकन उठले.

"मूळ फाईलीला हात नाय लावायचा, अर्जसम्राट! उद्या कंपनी नवी आवृत्ती पाठवेल आणि तुमची सगळी साहित्यसेवा पुसली जाईल. आपली फाईल त्याच नावाने वरच्या थरात ठेवायची. प्रणाली आधी वर बघते. तिथे सापडलं तर तेच घेते, नाय तर खाली उतरते."

या रीतीने त्यांनी थर चढवले. तळाला कंपनी, त्यावर तालुका, त्यावर गाव. कार्यालयाचे नाव, पत्ता, अक्षराचा आकार, सगळी मांडणी महाडसाठी वेगळी, पोलादपूरसाठी वेगळी. मूळ साचा मात्र एकच. माझे 'सविनय सादर' तालुक्याच्या थरात विराजमान झाले. चहावाला विचारी, "भाई, गोविंदा कितव्या थरावर पोचला?" "तू आधी हंडी बांध रे," म्हणत भाई येरझारा घालायचे आणि चहा निवून जायचा.

दुबईहून फोन आला की ते रस्त्यावर जाऊन बोलत. परतल्यावर मला विचारत, "जाऊ का राहू?" मी उत्तराची जुळवाजुळव करीपर्यंत ते दुसऱ्याच विषयावर गेलेले असत.

एके दिवशी पोलादपूरच्या डोंगरातल्या एका वाडीवरून सुगंधाबाई आली. दरड कोसळली त्यात तिचे घर गाडले गेले होते, आणि नवऱ्याचा शोध शेवटपर्यंत लागला नव्हता. पुनर्वसनातले घर आपल्या नावावर व्हावे, असा तिचा अर्ज होता. नवऱ्याच्या नावापुढे साच्याने आपोआप 'मयत' छापले. मी ते वाचून दाखवताच तिने कागद परत सरकवला.

"मयत कोन बोलला? माज्या डोल्यांनी नाय बगितला त्याला."

"बाई, घर हवं तर हे असावंच लागतं."

"मंग ऱ्हाऊ दे घर. मी नाय असा लिवून देनार."

अन्वरभाई दारापर्यंत जाऊन आले. "आता एका माणसासाठी थर," ते पुटपुटले आणि सगळ्यांत वर, केवळ तिच्या अर्जापुरती, एक फाईल ठेवली. या वेळी 'बेपत्ता' छापून आले. तो शब्द नेमका कुठे आहे ते बोटाने दाखवायला लावून मगच तिने सही केली.

'बेपत्ता' या शब्दावर अर्ज अडकला. सुगंधाबाई पत्र्याच्या शेडमध्येच राहिली. पाऊस वाढला की अन्वरभाईंना केंद्रात थांबवत नसे. "मी तिचं मन राखलं का घर अडवलं हो?" ते विचारत. शेवटी केंद्र माझ्या हवाली करून ते दुबईला परत गेले.

शेडमध्ये आणखी काही पावसाळे काढून यंदा सुगंधाबाई पुन्हा आली. बराच वेळ उभीच होती.

"भाईंनी वरती ठेवलाय ना, तो शबुद काढा आता," ती म्हणाली. "पन त्याला मेला म्हनून माज्या तोंडातना वदवू नका."

मी दुबईला फोन लावला. सगळे ऐकून अन्वरभाई म्हणाले, "तिची फाईल तेवढी काढा. त्या जागी काही लिहू नका. खालचं आपोआप वर येईल."

मी फाईल काढली. कागद साच्यातल्या 'मयत'सह छापून आला.

"तुमी लिवलात?" तिने विचारले.

"नाही, बाई. कुणीच लिहिलं नाही."

तिने सही केली. फोन अजून चालूच होता. "आता होईल ना हो तिचं घर?" पलीकडून अन्वरभाईंनी विचारले.

"होईल," मी म्हणालो, आणि एरवी पक्षकाराच्या हाती देतो तो अर्ज घेऊन, सुगंधाबाईला सोबत घेऊन, मी स्वतः पोलादपूरच्या गाडीत बसलो.