करवून घेणारे सर

लातूरच्या क्लासमध्ये माझ्यासोबत इंग्रजीचे एक सर होते. 'मेक', 'गेट', 'हॅव' म्हणजे दुसऱ्याकडून काम करवून घेणं, हे ते करूनच दाखवायचे. एका मुलीकडून फळा पुसून घ्यायचे, दुसरीकडून खिडकी उघडवायचे. मधल्या सुट्टीत गणिताचा मास्तर असलेला मी त्यांचा चहा आणायचो.

एकदा म्हणाले, "नांदेडला माझ्या लेकीला फोन लावा की. म्हणावं, बाप लई वाट बघून राहिला."

मी ऐटीत म्हणालो, "सर, एवढं तरी स्वतः करा!"

त्यांनी लावला. दोनदा वाजून पलीकडून कट झाला. फोन खिशात ठेवत म्हणाले, "तुमच्या नंबरवरून उचलला असता हो तिनं."

चहा आणायला मी न सांगताच उठलो.