बटाटे चढायच्या वेळी

रात्रीच्या जेवणासाठी फेन्नाचे निम्मे बटाटे सोलून झाले होते, तोच रुलोफनं कोट चढवला. हा तिचा धाकटा भाऊ चाळीस वर्षांनी कॅनडातून आला होता आणि महिनाभर गावातल्या लॉजवर उतरला होता. रविवार सोडून रोज दोघं संग्रहालयं पाहत, गोठलेल्या कालव्यांवर फिरत, दुपारी हॉटेलात जेवत. संध्याकाळी तिनं बटाटे सोलायला घेतले की तो उठायचा. त्याला बाहेरचंच आवडतं, असं धरून तिनंही कधी विचारलं नव्हतं. उद्या त्याचं विमान होतं.

“घरचं गोड लागत नाही वाटतं तुला?” फेन्ना म्हणाली.

“तू कधी थांब म्हणालीस? चुलीवर बटाटे चढायच्या वेळी पाहुण्यानं उठावं, हे आईनंच शिकवलंय.”

“अरे शहाण्या, तू पाहुणा आहेस का?”

“मग सांगायचं ना! महिनाभर रात्री पाव खाऊन झोपलो मी.”

जेवणाआधीची प्रार्थना फेन्ना हॉटेलांत ओठांतल्या ओठांत पुटपुटत आली होती. आज ती घरी, त्याच्यासोबत मोठ्यानं म्हणता येणार होती. तिनं त्याचा कोट काढून खुंटीला अडकवला, सुरी त्याच्या हाती दिली, आणि सॉसेज आणायला खाटकाकडे निघाली.