डिलाईल रोडच्या गॅलरीतला गवती चहा

आईने न्हाणीमागचा गवती चहा उपटला तेव्हा एस.टी. यायला थोडाच वेळ राहिला होता. लग्नानंतर मी पहिल्यांदाच मुंबईला निघाले होते. कुळथाचं पीठ, कोकमं, लाडू सगळं बांधून झालं होतं आणि तिला ऐन वेळी हे सुचलं. ओल्या गोणपाटात गुंडाळलेला ठोंब तिने खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाली, "थंय ऊन गावतला काय नाय, बघ. पाणी साचाक देव नको गो, मुळा कुजतत." रडली नाही. तिचा मुंबईवर भरवसा नव्हता, जावयावरही पुरता बसला नव्हता. गाडी हलताना तिने ह्यांच्याकडे असं बघितलं, जसं बाजारात माशाचे कल्ले उघडून बघायची.

डिलाईल रोडला आमची खोली पहिल्या मजल्यावर होती. खोलीत सासूबाई, हे आणि मी. ह्यांचं नाव दत्ताराम, चाळीत सगळे दत्ता म्हणायचे. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. मी डालड्याच्या डब्याला खिळ्याने तळाशी भोकं पाडली, समोरच्या मैदानातली माती भरली आणि ठोंब लावून डबा गॅलरीच्या कठड्याशी ठेवला. सकाळी तिथे थोडं ऊन यायचं. मी तांदूळ धुतलेलं पाणी घालायची, वाळलेली पानं ओढून काढायची. पानं कापताना बुडाशी चार बोटं सोडायची, नाहीतर ठोंब फुटत नाही. पात सरळ ओढली तर बोट चिरतं. महिन्याभरात डबा पुरेना, मग फुटकं घमेलं मिळवलं. येताजाता कुणीही दोन पाती तोडून न्यायचं. शेजारच्या ताराकाकी तर हक्काने न्यायच्या. "सुमन, तुझं गवत मोडलं गं," एवढं सांगायच्या, विचारायच्या नाहीत. साताऱ्याकडच्या होत्या, बोलणं रोखठोक.

मग संप झाला.

तुमच्यातले गावात राहिलेले मला अजून विचारतात, संपात काय खाल्लंत? खाल्लं काहीतरी. मला आठवतं ते वेगळंच. गिरणीचा भोंगा वाजायचा बंद झाला आणि माणसं एकमेकांची पावलं ऐकू लागली. कोण किती वाजता उठलं, कुणाच्या घरी फोडणी पडली, कुणाच्या दोरीवर नवा शर्ट दिसला. 'आत जातो' हे दोन शब्द चाळीत शिवीसारखे झाले. मागच्या गेटाने चोरून कामावर जाणाऱ्याला ते लावायचे.

आमच्याकडे दूध आधी बंद झालं, मग चहा पावडर. सासूबाई गवती चहाच्या पाती गुळाच्या खड्याबरोबर उकळायच्या. बस एवढंच. पण वास काय तो! सकाळी सगळ्या गॅलरीभर पसरायचा. एक दिवस नळावर ताराकाकींनी माझ्या कळशीकडे बघत विचारलं, "तुमच्याकडं रोज चहा व्हतो व्हय गं?" मी हसून हो म्हटलं. त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून माझ्या घमेल्यातली पात कुणी तोडेना.

चाळीचं गणित सोपं होतं. घरात चहा म्हणजे पावडर, पावडर म्हणजे पगार, पगार म्हणजे दत्ता आत जातो.

मी त्या बायांवर चिडले होते. पण ताराकाकींचा मुलगा वसंता संपाच्या कामात होता, आणि त्याने जिन्यात ह्यांना हटकलेलं मी ऐकलं. "दत्ता, काल गेटवर दिसला नाय तू." हे म्हणाले, "मागल्या बाजूला होतो." घरी मात्र सांगून गेले होते की लालबागला सभा आहे. उजाडायच्या आत निघायचे, दिवेलागणीला यायचे. आल्यावर डोळे लाल. मी विचारलं तर म्हणायचे, धूळ गेली. आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ह्या माणसाला मी किती ओळखत होते? धुवायला टाकलेला त्यांचा शर्ट मी उजेडात धरून कापसाचे तंतू शोधायची. तंतू कधी सापडले नाहीत. शिवणीत पिवळट पूड असायची, नाकाशी नेली की झोंबायची. मग वाटायचं, दारू पीत असतील. मग वाटायचं, अजून काही असेल. सासूबाई माझ्याकडे बघायच्या आणि मी शर्ट बादलीत बुडवायची.

एका सकाळी पाती आडव्या पडलेल्या दिसल्या. हात लावला तर तेलकट लागल्या. कुणीतरी घमेल्यात रॉकेल ओतलं होतं.

रेशनच्या रांगेत दिवस घालवून मिळणारं रॉकेल! सासूबाईंनी एक पात खुडून हुंगली. म्हणाल्या, "ज्यान ओतल्यान, त्याच्या पोटात लय राग आसतलो." मी गॅलरीतल्या एकेका दाराकडे बघत गेले. सगळी दारं उघडी होती आणि प्रत्येक दारात काहीतरी काम काढून बसलेली बाई होती. ताराकाकी तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही.

त्याच संध्याकाळी वसंता आणखी दोघांना घेऊन दारात आला. हे नुकतेच आले होते, पायही धुतले नव्हते. वसंता शांतपणे म्हणाला, "दत्ता, खरं सांग. आत जातो काय तू?"

उत्तर दिलं सासूबाईंनी. त्यांच्याकडे सुकवून ठेवलेल्या थोड्या पाती होत्या. त्यांनी त्या उकळल्या, तिघांच्या हातात कप दिले आणि समोर उभ्या राहिल्या. "पी. पिवन सांग, ह्येच्यात पावडर खय आसा ती. दूध खय आसा."

फिकं हिरवट पाणी. त्या दिवशी गूळही नव्हता. वसंता एक घोट प्यायला आणि कपाकडेच बघत राहिला. बाकीचे दोघं जिन्याकडे सरकले. तिथेच थांबलं असतं. पण वसंता जरा मऊ आवाजात म्हणाला, "काकी, हे पटलं. पण मग हा रोज जातो कुठं?"

हेच मला महिनाभर विचारायचं होतं.

हे आपल्या आईकडे बघत नव्हते. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "शिवडीला. बंदरात गंधक उचलतो."

वसंताने सुटकेचा श्वास सोडला. त्यात काय, अर्धी चाळ कुठे कुठे हमाली करत होती. मलाही रडू येईल इतकं हलकं वाटलं. सासूबाई मात्र मटकन खाली बसल्या. माझे सासरे गोदीत पाठीवर गोणी वाहून वाहून अकाली गेले होते. जाण्याआधी त्यांनी हातापाया पडून मुलाला गिरणीत चिकटवलं आणि पाठीवर ओझं घेणार नाही असं त्याच्याकडून वदवून घेतलं, हे मला तेव्हा कळलं. "बापाशीन सोडवल्यान, ता तू धरलंस?" एवढंच त्या बोलल्या. हे त्यांच्या पायाशी बसले. वसंताने तिन्ही कप उचलले, स्वतः मोरीत विसळून पालथे घातले आणि गेला.

सकाळी गॅलरीत खरवडल्याचा आवाज आला. बघते तर ताराकाकी घमेलं आडवं करून बसलेल्या. माती काढून टाकली होती. मुळं साबणाच्या पाण्यात धूत होत्या, सडका भाग विळीवर कापत होत्या. आतले दोन कोंब पांढरे होते. "हे जगत्याल," म्हणाल्या. "कुणी केलं ते मला इचारू नगस." मी शेजारी बसले आणि नवी माती चाळली. त्यांच्या हातांना रॉकेलचा वास येत होता. पण ती मुळं हाताळल्यावर कुणाच्याही हातांना आला असता.

मी कधीच विचारलं नाही. पुढे ताराकाकी चाळ सोडून दिव्याला राहायला गेल्या, तिथेच वारल्या. मला आजही वाटतं, त्यांनीच ओतलं. कधी वाटतं वसंताने, आणि त्यांना ते माहीत होतं.

संप मिटला असं आम्हाला कुणी सांगितलंच नाही. हे शिवडीच्या बंदरातच कामाला राहिले, सासूबाई गेल्या, आणि आम्ही खोली सोडून बदलापूरला आलो. तुमच्यापैकी जे चाळी सोडून विरारला, दिव्याला गेलात त्यांना वेगळं सांगायला नको. इथे तळमजल्याचा ब्लॉक आहे, मागे जमीन आहे. गवती चहा कमरेएवढा माजतो. दरवर्षी ठोंब फोडून नवीन लावते. इतकी वर्षं झाली, एक पात कुणी मोडली नाही. ह्यांना दवाखान्यात ठेवलं तेव्हा पंधरवडाभर आमच्या दाराला कुलूप होतं. परत आलो तर कुणी विचारलं नाही, कुठे होतात. लिफ्टपाशी माणसं हसतात. लालबाग-परळच्या चाळी पाडल्याच्या बातम्या हे मोबाईलवर बघतात आणि मोबाईल उलटा ठेवतात.

परवा दुपारी बेल वाजली. वरच्या मजल्यावर नवीन राहायला आलेली सून, कडेवर मूल. कपाळाला आठ्या. "काकू, तुमच्या त्या गवतात साप असणार. मी काल सळसळ ऐकली. कशाला ठेवलंय एवढं? आणि मागचं दार दिवसभर उघडं का असतं तुमचं?" डोळे माझ्या खांद्यावरून सगळं घर तपासत होते.

मी म्हटलं, "आत ये. बसून विचार."

ती बसली आणि विचारतच राहिली. मी एकेकाचं उत्तर दिलं. मग विळी घेतली आणि तिला मागच्या दारी नेलं. म्हटलं, घे, तूच काप, साप निघाला तर दोघी ओरडू.