सायबर कॅफेतले कांदेपोहे

मला पाहायला आलेला मुलगा मुळात आलाच नव्हता. तो अमेरिकेत होता, आणि मी, बाबा नि आत्या आमच्याच शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या एका सायबर कॅफेत. दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. मुलाच्या आईवडिलांनी घरी येऊन मला पसंत केलं होतं. राहिला होता मुलगा.

माझी अडचण वेगळीच होती. फोटोतला मुलगा मला आवडला होता, पण आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी गेल्यावर तुमचं कसं, असं विचारलं की बाबा पेपरमागून म्हणायचे, "तुझी मर्जी." कोथिंबिरीच्या जुडीवरून तासभर भांडणारा हा माणूस मनातलं सांगायची वेळ आली की मिठाची गुळणी धरून बसायचा. मला भारी राग यायचा.

आत्या निफाडहून खास आली होती. तिनं इंदिरानगरातल्या आमच्या घरून पोह्यांचा डबा भरून घेतला. कॅफेवाला म्हणाला, "मावशी, इथं खायला मनाई आहे."

"आम्हाला नाय रे, पाव्हण्याला," म्हणत तिनं पहिली बशी कॉम्प्युटरपुढं ठेवली. वर लिंबाची फोडही.

पडद्यावर मुलगा उमटला. अमेरिका लांब, म्हणून बाबांनी आवाज चढवला. त्यांच्या "नमस्कार"ला शेजारच्या केबिनमधूनही कुणीतरी "नमस्कार" म्हणालं. मी वाकून नमस्कार केला तेव्हा मुलाला फक्त माझा अंबाडा दिसला असणार. मग आत्यानं मला चालून दाखवायला लावलं. दोन पावलांत मी केबिनच्याही बाहेर आणि कॅमेऱ्याच्याही. परत येऊन बघते तर चित्र थांबलेलं, मुलाचे डोळे अर्धे मिटलेले आणि आवाजही बंद.

"अडकला," बाबा म्हणाले.

समोरचा ऐकत नाही म्हटल्यावर दोघांच्या जिभा सैल सुटल्या. आत्या चष्मा सावरून पडद्यावर वाकली. "नाक बसकं हाय. पण पोरगं लय गरीब दिसतंय. हिच्यापुढं टिकंल का?"

"टिकेल," बाबा म्हणाले. "हिच्या हातचा भात खाऊन मी टिकलोच की."

मग आत्याला आठवलं, की मुलामुलीला थोडं एकटं बोलू द्यायचं असतं. रीत म्हणजे रीत. मला त्या अडकलेल्या चित्रापाशी सोडून दोघं बाहेर जाऊन उभी राहिली.

मी पोह्यांची बशी पुढं ओढली. पहिला घास घेतला, तोच स्पीकरमधून आवाज आला, "माझं नाक खरंच बसकं आहे का हो?"

मला जोराचा ठसका लागला. चित्र तसंच होतं, आवाज तेवढा परत आला होता. आमचं सगळं बोलणं मात्र त्याला पहिल्यापासून ऐकू जात होतं.

"थोडंसं," मी म्हटलं.

"आणि भात?"

"तो त्याहून वाईट."

तो इतका मोकळा हसला, की मी तिथंच मनातल्या मनात हो म्हणून टाकलं.

चित्र अडकलं तरी आवाज जातो, हे बाबांना सांगायचं राहिलं. आधी लाजेनं, नंतर मुद्दाम.

लग्नानंतर मी अमेरिकेत आले आणि बाबा दर रविवारी त्याच कॅफेत जाऊन माझ्याशी बोलायचे. एकटं वाटतं का, विचारलं की म्हणायचे, "छे! वेळ कुठंय?" एका रविवारी त्यांच्या पडद्यावर मी अडकले. माझ्या पडद्यावर ते हलत होते. त्यांनी वळून केबिनचं दार लोटलं, खुर्ची पुढं ओढली आणि माझ्या चित्राला म्हणाले, "घर खायला उठतं गं. तुझ्या खोलीतला पंखा उगाच लावून ठेवतो, आवाज असला म्हणजे बरं वाटतं." मला रडू फुटलं. तेवढ्यात मी त्यांच्याकडे पुन्हा हलले असणार, कारण ते ताठ बसले. "हां, तर तब्येत ठणठणीत."

त्यानंतर दर रविवारी त्यांचं "ठणठणीत" ऐकून झालं, की मी श्वास रोखायची आणि पापणी न हलवता बसून राहायची. "अडकली वाटतं," बाबा म्हणायचे, आणि मग बोलायला लागायचे.