न पाहिलेलं गाव दाखवताना

लोकांना वाशिम दाखवायचं काम मी पहिल्यांदा केलं, तेव्हा वाशिम मीसुद्धा पाहिलेलं नव्हतं. हे कुणाला सांगितलं तर हसतात. पण झालं ते असंच.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. मी बावीस वर्षांची होते. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा तापानं गेला आणि मी वाशिमला थोरल्या भावाकडे राहायला आले. दादा शाळेत मास्तर होता. माझं माहेर खेड्यातलं, त्यामुळे वाशिम मला नवंच. येऊन दोन वर्षं झाली तरी माझी ओळख घर, विहीर आणि मागची गल्ली एवढ्यापुरतीच होती. कुणी कोंडून ठेवलं नव्हतं. बाहेर जायला काही कारण नव्हतं, आणि कारण नसताना माझ्यासारखीनं बाहेर पडायचं नसतं हे न सांगता ठरलेलं होतं.

आमच्या शेजारी एक म्हातारे गाडीवान राहत. त्यांची दमणी होती, म्हणजे बसायला गादी आणि वर छत असलेली हलकी बैलगाडी. स्टेशनावर उतरलेल्या लोकांना ते धर्मशाळेत नेऊन सोडत. थंडीत कापसाचा हंगाम आला की गावोगावची माणसं वाशिमला येत. पुरुष दिवसभर कापसाच्या बाजारात, नाहीतर कचेरीत. त्यांच्याबरोबर आलेल्या बायका मात्र धर्मशाळेच्या ओसरीवर भिंतीला टेकून बसलेल्या. एके सकाळी गाडीवानकाका वहिनीकडे आले आणि दारातच म्हणाले,

"सूनबाई, धर्मशाळेत तीन बाया हायेत. तीन दिसापासून भिंत पाहून राह्यल्या. म्या म्हनलं, चला, सांजच्यापारी गाव दाखवून आनतो. पद्मतीर्थ, बालाजी, मंग माळावरून सूर्य बुडताना. पन त्या म्हन्तेत, संगं बाईमानूस पायजे. अन् जेवन तुमच्या घरी झालं तं बरं होईन."

वहिनी निवडत होती ते सूप तिनं बाजूला ठेवलं. "जेवन मी करतो. अन् संगं आमच्या बाई येतीन."

बाई म्हणजे मी. मी चुलीपाशी होते. मला वाटलं, ही दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय.

दुपारी दादा घरी आला तेव्हा त्याला हे पटलं नाही. तो रागावला नाही, नुसता कपाळाला हात लावून बसला. "लोक काय म्हन्तीन?"

"लोक काई नाई केलं तरी म्हन्तेत," वहिनी म्हणाली. "काई करून तं म्हनू द्या."

दादा उठून पाणी प्यायला गेला. परत आला तो पुन्हा विरोध करायला नाही. पाटावर बसून त्यानं मला पद्मतीर्थाची माहिती सांगायला सुरुवात केली. हे गाव एका ऋषीचं, इथं एकशे आठ तीर्थं होती असं पोथीत आहे, एके काळी ही मोठ्या राजांची राजधानी होती. मी तोंडपाठ करत बसले. शाळा सोडून दहा वर्षं झाली होती. ओठ हलवत पाठ करताना मला एकदम बरं वाटायला लागलं, का ते कळलं नाही.

चारच्या सुमाराला दमणी निघाली. वहिनीनं मला तिचं गर्द जांभळं लुगडं नेसायला लावलं होतं. धर्मशाळेपाशी तिघी चढल्या. एक कारंज्याकडच्या शेठाणीबाई, साठीच्या, किडकिडीत, घरचं किराण्याचं दुकान असलेल्या जैन कुटुंबातल्या. मुलाच्या कोर्टाच्या कामासाठी आलेल्या. दुसरी त्यांची सून, सतरा-अठराची, पदर नाकापर्यंत ओढलेली. आणि तिसऱ्या रिठदच्या पाटलीणबाई, अंगानं थोराड, आवाज खणखणीत. त्यांचा नवरा कापसाच्या गाड्या घेऊन आला होता आणि आज-उद्या करत जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, नंबर लागत नव्हता.

पद्मतीर्थाच्या पायऱ्यांवर आम्ही उतरलो. समोर पाणी, पाण्यात उन्हाचा तिरपा पट्टा, दोन बायका धुणं आपटत होत्या. मी घसा साफ केला आणि पाठ केलेलं म्हणायला लागले, "हे पद्मतीर्थ. पद्म म्हणजे कमळ..."

"कमळं कुठी हायेत व?" पाटलीणबाईंनी विचारलं.

मी पाण्याकडे पाहिलं. एकही कमळ नव्हतं. दादानं कमळांचं काही सांगितलं नव्हतं. मागे काका बैलांच्या पाठीवरून हात फिरवत उभे होते. शेठाणीबाई माझ्याकडे पाहत होत्या, त्यांची सून पदराआडून पाहत होती. आणि मी खरं ते बोलून गेले.

"मले नाई माहीत. म्या बी आजच पाह्यलं हे."

"म्हंजे? इथीच राहते ना तू?"

"दोन वर्सं झाली. पन इकडं कधी आली नाई."

मला वाटलं, आता या परत धर्मशाळेत चला म्हणणार. पाटलीणबाईंनी कमरेवर हात ठेवला आणि त्या हसायलाच लागल्या. धुणं धुणाऱ्या बायकांनी वळून पाहिलं.

"मंग तं बरंच झालं, माय! आपुन चौघीबी नव्या. तू वाट दाखवू नको, संगं पाहात चाल."

त्यानंतर सगळं सोपं झालं. पाटलीणबाईंनी धुणं धुणाऱ्या बाईलाच हाक मारून कमळांचं विचारलं. ती म्हणाली, तिच्या सासूच्या तोंडून तिनं ऐकलंय, पहिले लय होती, मग गेली. कुठे गेली ते तिला माहीत नव्हतं. मी ते मनात नोंदवून ठेवलं. पुस्तकात नसलेली पहिली गोष्ट मला मिळाली होती.

पुन्हा दमणीत बसलो तेव्हा शेठाणीबाईंनी छताबाहेर वाकून सूर्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "घरी जेवाले किती वाजतीन?"

"दिवेलागन झाली की," मी म्हणाले.

त्यांनी मान आत घेतली. त्यांच्या सुनेनं पहिल्यांदाच तोंड उघडलं, अगदी बारीक आवाजात. "आमी सूर्य बुडल्यावर जेवत नाई."

काकांनी कासरा ओढला. बैल थांबले. पाहुण्या जैन आहेत हे काकांकडून कळल्यावर वहिनीनं कांदा-लसूण टाळला होता, पाणी गाळून ठेवलं होतं, सगळी आठवण ठेवली होती. सूर्याचं मात्र कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. सूर्य बुडताना माळावर, आणि जेवण त्यानंतर. त्या दोघी उपाशी राहणार होत्या.

"राहू द्या," शेठाणीबाई म्हणाल्या. "एक रात उपास झाला तं काय होते? सूर्य पाहू."

"असं कसं राहू द्या?" पाटलीणबाई म्हणाल्या. "तुमी उपाशी अन् मी समोर बसून जेवू काय?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशीचा पहिला निर्णय माझ्याकडे आला होता. दोन वर्षांत आज भाजी कोणती करायची हेसुद्धा मी ठरवलं नव्हतं.

"काका, गाडी घरी घ्या," मी म्हणाले. "जेवनच माळावर नेऊ."

घरी पोचलो तेव्हा वहिनी अंगणात गोवऱ्यांच्या विस्तवातून रोडगे काढत होती. कणकेचे जाड गोळे, वरून काळपट, फोडले की आतून वाफ. मी धावत आत गेले आणि एका दमात सगळं सांगितलं. वहिनीनं डोक्याला हात लावला, मग लगेच कामाला लागली. रोडगे झटकून फडक्यात बांधले, तुरीच्या वरणाचं भगुणं टोपल्यात बसवलं, तुपाची वाटी माझ्या हातात दिली. वांग्याची भाजी शेठाणीबाई खात नाहीत हे कळल्यावर तिनं गुळाचा खडा काढून दिला. दादा पडवीत वह्या तपासत होता. तो उठला आणि त्यानं गाळलेल्या पाण्याची कळशी स्वतः दमणीत नेऊन ठेवली.

गावाबाहेरच्या माळावर पोचलो तेव्हा सूर्य अजून हातभर वर होता. खाली सगळं वाशिम पसरलं होतं. बालाजीच्या देवळाचं शिखर, तळ्यांचे चकाकते तुकडे, कौलांवरून वर जाणारा चुलींचा धूर, आणि लांब रेल्वेचे रूळ. मी कितीतरी वेळ नुसती पाहत राहिले. त्या सगळ्यात आमचं घर कुठलं, ते मला शोधून सापडेना. दोन वर्षं मी ज्याला जग समजत होते ते वरून दिसतसुद्धा नव्हतं.

काकांनी घोंगडी अंथरली. आम्ही पश्चिमेकडे तोंड करून बसलो आणि रोडगे कुस्करून त्यावर वरण आणि तूप घेतलं. शेठाणीबाईंची सून दर दोन घासांनी सूर्याकडे पाही आणि भराभर जेवे. पाटलीणबाई म्हणाल्या, "सावकास जेव, पोरी. त्याले आज आपल्यासाठी थांबा लागते." तेव्हा ती हसली. पदर मागे सरकला होता आणि तिनं तो पुन्हा ओढला नाही. शेठाणीबाईंनी ते पाहिलं आणि तिच्या रोडग्यावर आणखी तूप घातलं.

सूर्याची कड माळाला टेकायच्या आत दोघींनी चूळ भरली. मग आम्ही नुसत्या बसलो. सूर्य तांबडा झाला, चपटा झाला, आणि कुणीतरी खालून ओढावं तसा एकदम गेला.

त्या शांततेत सुनेनं मला विचारलं, "तुमच्या घरचे कुठी असतेत?"

मी सांगितलं. नवरा नाही, हेही सांगितलं; वहिनीच्या लुगड्यामुळे आणि कपाळावर ओढलेल्या पदरामुळे ते त्यांना दिसलं नव्हतं. माझ्या हातात शेठाणीबाईंना देऊन उरलेला, पाटलीणबाईंना द्यायचा गुळाचा खडा होता. तो पुढे करावा की खाली ठेवावा, ते मला समजेना. तेव्हा विधवेच्या हातचं घ्यायला काचकूच करणाऱ्या बायका होत्या, आणि मी त्यांना जेवू घालून झालं होतं.

पाटलीणबाईंनी माझ्या हातातून खडा घेतला, अर्धा मोडून तोंडात टाकला आणि उरलेला मला दिला. "मंग आता काय करतं तू?" असं विचारलं.

नवरा गेल्यापासून लोकांनी मला पुष्कळ विचारलं होतं. कसा गेला, काय झालं होतं, सासरच्यांनी काय दिलं. आता काय करतेस, हे कुणी विचारलं नव्हतं.

"वीस वर्सं झाली माह्या मालकाले जाऊन," शेठाणीबाई म्हणाल्या. "पहिले दोन वर्सं मी बी खोलीतच होती. मंग दुकानाच्या वह्या वाचाले शिकली." एवढं बोलून त्या घोंगडी झटकायला उठल्या.

उतरताना अंधारून आलं. बालाजीच्या देवळात आरती चालू होती, ती ऐकून पुढे निघालो. काकांनी दमणी बाजाराकडून घेतली. तिथं जे दिसलं ते पाठ करून आलेल्या कशात नव्हतं. जिनापासून रस्त्यापर्यंत कापसाच्या गाड्या एकामागे एक लागलेल्या, अंधारात पांढऱ्याशुभ्र, आणि मध्ये मध्ये कंदील. बैल रवंथ करत होते, कुणी गाडीखाली भाकरी भाजत होतं.

"थांबवा, थांबवा!" पाटलीणबाई एकदम ओरडल्या. "ते आमचे बैल हायेत!"

गाडीवर कापसात एक माणूस झोपला होता. तो आवाजानं दचकून उठला आणि कंदील वर धरून पाहायला लागला.

"तू? इथी कायले आली?"

"गाव पाहाले निंगाली मी," पाटलीणबाईंनी दमणीतून सांगितलं. "माळावर जेवली, सूर्य पाह्यला, बालाजी पाह्यला."

तो माणूस कंदील धरून आमच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी तीन दिस झाले इथी हाय. मले तं कोनी काई दाखवलं नाई."

शेठाणीबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. माझ्या मांडीवर एक रोडगा उरला होता. तो मी काकांच्या हाती त्याला दिला.

तिघींना धर्मशाळेत सोडून मी घरी आले तेव्हा वहिनी जेवायची थांबली होती. तिला सगळं सांगेपर्यंत वरण दोनदा गरम करावं लागलं. दादा वह्यांवर मान घालून बसला होता, पण पान उलटत नव्हता. शेवटी त्यानं विचारलं, "त्या धुनंवालीनं कमळाचं नेमकं काय सांगितलं?"

दोन दिवसांनी काका पुन्हा आले. धर्मशाळेत पाच बायका होत्या, मानोऱ्याकडच्या. त्या हंगामात मी सांजफेरीला कितीदा गेले ते आठवत नाही. फेरीवर निघायच्या आधी मी गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्या बायकांकडे जाऊन बसू लागले आणि एकेका तळ्याचं, एकेका देवळाचं विचारून घेऊ लागले. गल्लीत कुजबुज झाली. ती पहिल्या पावसाळ्यापर्यंत टिकली, मग लोकांना दुसरं काहीतरी मिळालं.

पुढल्या वर्षी दादानं मला शाळेत शिकवायला लागते त्या परीक्षेला बसवलं. पहिल्यांदा मी गणितात नापास झाले, दुसऱ्यांदा पास झाले. मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली त्या आठवड्यात गाडीवानकाका आले आणि म्हणाले, "आता फेरी बंद काय?"

"काहून बंद?" मी म्हणाले. "शाळा पाचाले सुटते."

"थंडीत सूर्य सहाच्या आतच बुडते, ताई."

"मंग बैल जरा जोरात हाका," मी म्हणाले, आणि ते मान हलवत दमणी जुंपायला गेले.