फलाट क्रमांक एकवर दुधी

"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे! साखर, रक्तदाब व चरबी मार्गे दीर्घायुष्याकडे जाणारा दुधीचा रस फलाट क्रमांक एकवर लागलेला आहे!"

मंडळी, ही घोषणा शिरूरला आमच्या गल्लीत रोज सकाळी व्हायची. ती ऐकली की निम्मी गल्ली फिरायला निघायची आणि उरलेली निम्मी दाराला कडी घालायची. माझं दार आप्पांच्या दारासमोर. मी पळणार कुठं?

आप्पा एसटीत होते. आधी दौंडच्या आणि मग शिरूरच्या स्टँडवर गाड्यांच्या घोषणा करायचे. निवृत्त झाल्यावर माईक गेला, आवाज राहिला. सोडायला गाड्या नाहीत म्हणून त्यांनी आमची पोटं सोडायला घेतली.

परसात दुधीचा वेल. ओसरीवर मिक्सर. खिशात मुलीनं पाठवलेल्या व्हिटॅमिनच्या गोळ्या. त्या ते पेढ्यासारख्या वाटायचे. "किती घ्यायच्या, आप्पा?" असं विचारलं की म्हणायचे, "चांगल्या गोष्टीला कसलं माप, शेठ? आन् झाडपाल्याला तर साईड इफेक्टच नसतो."

आतून काकू ओरडायच्या, "आवं, फोड चाखा तरी आधी!"

आपल्या घरात दुधी चिरताना बाया एक फोड जिभेवर ठेवतात. कडू निघाली तर थुंकतात आणि अख्खा दुधी फेकून देतात. आप्पांचं म्हणणं वेगळं होतं. "भाजी चाखत्यात. औषध कोण चाखतं? औषध कडूच पायजे."

त्या उन्हाळ्यात वेल पार सुकत आला होता. त्याच्यावरचा शेवटचा दुधी त्या सकाळी मिक्सरमध्ये गेला. मी एक घोट घेतला आणि माझी जीभ, टाळू, कान, सगळं एकदम कडू झालं. शेजारचा बापू शिंपी सरळ तगरीच्या झुडपात थुंकला.

"आप्पा, ह्यो लय कडू हाय!"

"मग आज अस्सल माल उतरलाय," आप्पा खूश होऊन म्हणाले. आमचे पेले तसेच राहिलेले बघून त्यांनी अख्खा जग तोंडाला लावला. "गाडी भरूनच सोडायची!"

आमचा चहा व्हायच्या आत त्यांना उलटी झाली. मग दुसरी झाली. तिसरीत रक्त दिसलं.

मी गाडी काढली, बापू शेजारी बसला. मागच्या सीटवर काकू त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. माझ्या पोटातही त्या एका घोटानं पीळ पडत होता, आणि पुढे उसाचा ट्रॅक्टर काही केल्या बाजूला होत नव्हता. मी हॉर्नवरचा हात काढलाच नाही. आप्पा डोळे मिटून पुटपुटले, "गाडीला... उशीर होतोय."

डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं?"

"काय न्हाई. उपाशीपोटी हाय."

"कुठलं औषध?"

"अजून एक गोळी शिवली न्हाई डॉक्टर मी!" एवढ्या वेदनेतही त्यांना त्याचा अभिमान होता. गोळी म्हणजे आजाऱ्यांची. व्हिटॅमिन त्यांच्या लेखी खाऊ होता, आणि रस म्हणजे तर नुसती भाजी.

"दुधीचा रस!" बापू आणि मी एकदमच ओरडलो.

डॉक्टरांची पेन धरलेली बोटं थांबली. "कडू होता?"

आम्ही मान डोलावली. त्यांनी नर्सला हाक मारली. बाहेर येऊन ते काकूंना हळूच म्हणाले, "याला उतारा नाही. सलाइन, रक्त, आणि वाट बघणं."

आम्ही वाट बघितली. मग एका सकाळी गल्लीत घोषणा झाली नाही. तशी ती आठवडाभर होत नव्हतीच. पण त्या दिवशी कळलं की आता होणार नाही.

दशक्रियेला घोड नदीच्या घाटावर सगळी गल्ली होती. काकूंनी नैवेद्य उघडला. पानावर दुधीची भाजी होती.

"काकू, दुधी?" बापू कुजबुजला.

"त्यांना आवडायचा." परसातला वेल त्यांनी स्वतःच्या हातानं उपटून टाकला होता. हा दुधी तळेगावच्या बाजारातून आणलेला.

पिंडाजवळ कावळा आला. त्यानं पानाकडे बघितलं, मान तिरकी केली आणि परत कठड्यावर जाऊन बसला.

मुलगी म्हणाली, "आप्पा, आईला मी सांभाळते." कावळा हलला नाही. जावयानं हात जोडले. मी जोडले. बापूनं "गल्लीत रोज फिरायला जाऊ" असं कबूल केलं, जे त्याला आयुष्यात जमणार नव्हतं. ऊन डोक्यावर आलं. मागं बाया बोलायला लागल्या, "बाईवर राग धरून गेला वाटतं." काकूंनी ते ऐकलं.

कावळा पुन्हा पानापर्यंत आला. भाजीकडे बघून पुन्हा मागं सरला.

काकू ताडकन उठल्या, पदर खोचला, आणि अख्ख्या घाटाला ऐकू जाईल असं ओरडल्या,

"आवं, खावा की आता! मी चाखून केलाय... गोड हाय!"