करुणाताईचा शनिवार

"मावशी, आई इज गॉन." करुणाताईच्या मुलाचा, सुमेधचा फोन आला तेव्हा मी तिच्यासाठी हॉस्पिटलात न्यायच्या वस्तू पिशवीत भरत होते. मोजे, चष्मा, चार्जर… भरलेली पिशवी मग तशीच खुर्चीवर राहिली. त्याला आता दीड महिना होईल.

करुणाताई नागपूरची. इकडे अमेरिकेत, पार्सिपनीत आमची बिल्डिंग एकच. नोकरीतून मोकळी झाल्यावर तिनं लायब्ररीतल्या आयरिश भाषेच्या वर्गात नाव घातलं. हायवेवर गाडी चालवायला ती घाबरायची, म्हणून दर शनिवारी मी तिला सोडायची. मला कामाचा हिशेब लागतो. मी म्हटलं, "ताई, त्यापेक्षा स्पॅनिश शीक, दुकानात तरी उपयोगी पडेल."

"काऊन वं, उपयोग असल्याशिवाय तू हसत तरी असतेस का?"

खरं कारण तिनं पुढे एकदा गाडीतच सांगितलं. "वर्गातले सगळे साठीचे. यांच्या पणज्यांनी इथं आल्यावर भाषा टाकली, अन् हे आता शोधत बसले. टाकलेल्या भाषेकडे माणूस कोणत्या रस्त्यानं परत येते, ते पाहून ठेवते मी. सुमेधला मराठी समजते, पण बोलत नाही. उद्या त्याला यावंसं वाटलं तर…"

पहिल्याच दिवशी तिथं अडचण झाली होती. आयरिशमध्ये भेटल्यावर 'देव तुझ्यासोबत असो' म्हणतात, आणि उत्तर देणारा देवासोबत येशूच्या आईला, मेरीलाही जोडतो. ताई पक्की बौद्ध. ती म्हणाली, "देवाचं मी घरी म्हणत नाही, इथं कशी म्हणू?" शिकवणारे ब्रेंडन हसले. "मग तुमच्याकडे काय म्हणतात?" तेव्हापासून ताई दारात दिसली की सगळा वर्ग आपापल्या उच्चारात 'जय भीम' म्हणायचा. ती चिवड्याचा डबा उघडायची आणि धडा सुरू व्हायचा.

परवा ब्रेंडननी निरोप पाठवला, तिचा स्टीलचा डबा तिथंच राहिलाय. मी सुमेधला सोबत घेतलं. आम्ही दारात उभे राहिलो तशी ती म्हातारी मंडळी एकदम उठली. "जय भीम!" सुमेधच्या ओठांवर 'हाय' आलेलं मला दिसलं. ते त्यानं गिळलं आणि खाली बघत म्हणाला, "जय भीम."

परतताना डबा त्याच्या मांडीवर होता. त्यानं झाकण उघडून वास घेतला. "मावशी, व्हॉट डिड शी पुट इन धिस?" मी मराठीत सांगायला लागले… पोहे, डाळवं, कढीपत्ता, शेवटी पिठीसाखर. त्यानं मध्ये थांबवलं नाही. घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाला, "कढीपत्ता… केव्हा?"

ताई, हे तू ऐकायला हवं होतंस.

शनिवारी सकाळी फोन अजून आठवण करून देतो : 'करुणाताई, लायब्ररी'. झालेलं काम मी लगेच खोडते. हे मात्र ठेवलंय.